खिडकी क्रमांक दोनचे आवाज

तीर्थस्वरूप मामांना,

तुमच्या धाकट्या भाच्याचा (म्हणजे माझाच, दोन वर्षांत अक्षर विसरला असाल तर खाली सही आहे) साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का, की अजून त्या पाच मिनिटं खोकून झाल्यावर ‘मला कुठे खोकला आहे’ असंच म्हणतात? आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. आई मजेत आहे, तुमची भाचेसून मजेत आहे, मुलगी तर जरुरीपेक्षा जास्त मजेत आहे. राहता राहिलो मी. मी मजेत नाही, पण ते ओघाने येईल.

फोन न करता याने पत्र का लिहिलं, असं तुम्ही मामींना विचाराल. फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला ‘मुद्द्यावर ये’ म्हणता आणि मला या वेळी मुद्द्यावर यायचं नाही, निदान लगेच तरी नाही. शिवाय काही गोष्टी ऐकणारा समोर गप्प बसलेला असताना सांगवत नाहीत. नेहमीप्रमाणे या पत्रातल्या चुकांवर लाल पेन्सिलीने खुणा करून परत पाठवालच. पेन्सिल नवी काढा. या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका कमी आहेत, बाकीच्याच जास्त आहेत.

मालवाहतुकीचं आपलं बुकिंग ऑफिस तुम्ही सोडलंत तसंच आहे. तीच तीन खिडक्यांची रांग, तेच अर्धं उघडणारं लोखंडी शटर, तोच वजनकाटा आणि त्याच्याशेजारी उभा राहून गल्लीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात वजन सांगणारा हमालांचा मुकादम. भिंतीवरचं घड्याळ अजून चार मिनिटं पुढे आहे. तुमच्या वेळचे साहेब मात्र गेले आणि नवे आले, हे तुम्हाला आईने सांगितलं असेलच. तुम्ही निवृत्त होताना जुन्या साहेबांच्या कानावर माझं नाव घातलंत आणि तुमच्या खुर्चीवर मी बसलो, हे नव्या साहेबांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. वशिल्याचा माणूस म्हणतील अशी भीती होती, असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आलो. खरं कारण असं की तुमचा तो हिरव्या अक्षरांचा बुकिंगचा प्रोग्राम मला बघवत नसे, आणि तो आपल्याच घरातला आहे हे सांगायची मला लाज वाटे. (लाज या शब्दाचा हा पहिला उल्लेख. पुढे मोजत बसू नका.)

आता थोडं तांत्रिक सांगतो, वैतागू नका. तुमच्या काळी पडद्यावर एक अक्षर ठेवायचं तरी ओळ इतकी आणि रकाना इतका असं मोजून ठेवावं लागे. वेबसाइट बनवणारे लोक तसं करत नाहीत. ते तुकडे करतात, कॉम्पोनंट म्हणतात त्यांना: एक बटणाचा, एक यादीचा, एक चौकटीचा, ते एकात एक बसवतात आणि त्यांचं रंगरूप निराळ्या फाइलीत लिहून ठेवतात, की या जातीच्या सगळ्या चौकटींना निळी किनार, आत इतकी मोकळी जागा, कोपरे गोल. एकदा लिहिलं की सगळीकडे लागू. आणि आता मामा, हीच सगळी तऱ्हा आपल्या काळ्या पडद्यावर, टर्मिनलवर वापरता येते! ब्राउझर लागत नाही, माऊस लागत नाही. (ब्राउझर आपल्या खिडक्यांवर चाललाही नसता. ती यंत्रं इतकी जुनी आहेत की पान उघडेपर्यंत ट्रक दुसऱ्या गावी पोचेल.) हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आनंदाने.

मग मी पिसाटलो आणि नवा प्रोग्राम लिहायला बसलो. तीन आठवडे मी नुसत्या किनारी आखत होतो. एकेरी किनार, दुहेरी किनार, ठसठशीत किनार. गोल कोपरे म्हणजे खरं तर चार निराळी अक्षरं असतात, पण लांबून बघितलं तर पेढीवरच्या काचेसारखे गोल दिसतात. चौकटींना मी सावल्यासुद्धा दिल्या, करड्या ठिपक्यांच्या. घरी भाचेसुनेला कौतुकाने दाखवलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली की पडदा काळा आहे ना, मग सावली कशाची? मी म्हटलं तुला यातलं कळत नाही. (तिला कळत होतं. तिला बहुतेक सगळं कळतं, म्हणून मी तिला कमी दाखवतो.) पार्सलच्या प्रत्येक ओळीपुढे एक छोटं खोक्याचं चित्र आणि एक ट्रकचं चित्र घातलं. पडद्याची रंगसंगती बदलायची सोय केली, एक नाही, सात. त्यांना नावं दिली: पहाट, समुद्र, जांभूळ, राख वगैरे. राखेवर तर मी दोन दिवस घालवले. रंगसंगती बदलायला कुठली तरी कळ हवी होती. एफ दहा मोकळी दिसली, ती दिली.

एफ दहा मोकळी का होती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुमच्या प्रोग्राममध्ये एफ दहा म्हणजे ‘जतन करा’. माझ्यात जतन करायला स्वतंत्र बटण होतं, हिरवं, गोल कोपऱ्यांचं, सावलीसकट. मग जुन्या कळेची गरज काय, असं मला वाटलं.

तुमचा प्रोग्राम मी वाचला, सगळा नाही, चाळला. (बांधकाम पाडणारा माणूस घराच्या भिंती वाचत बसत नाही, असं मी तेव्हा म्हणालोही होतो. कोणाला ते आठवत नाही. बहुतेक आरशाला.) त्यात एके ठिकाणी तुमची टीप होती: ‘हे आवाज काढून टाकू नयेत. कारण विचारू नये.’ तिच्याखाली पडद्याच्या त्या टुंग आवाजाच्या ओळी, कुठे एकदा, कुठे दोनदा, कुठे तीनदा. मामा, तो टुंग आवाज मला पहिल्या दिवसापासून डोक्यात जाई. दोन नंबरच्या खिडकीतून दिवसभर टुंग, टुंग टुंग, टुंग. एक नंबर आणि तीन नंबरवाल्यांनी आपापल्या यंत्राचा आवाज केव्हाच बंद करून टाकला होता. मी तो मुळापासून उपटला.

आता मी मुद्द्याच्या आसपास येतो आहे, तर जरा पाणी पिऊन येतो.

आलो. नवा प्रोग्राम सगळ्यांना दाखवायचा म्हणून साहेबांनी एका दुपारी मोठ्या खोलीत सभा बोलावली. खुर्च्या मांडल्या, भिंतीवर मोठा पडदा. तिन्ही खिडक्या, मुकादम, गाड्यांचा हिशोब ठेवणारे, सगळे. मी सात रंग दाखवले, लोकांनी हो हो केलं. मग मला सुचलं की थोडं हसवावं. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, जुन्या प्रोग्राममध्ये काय काय सापडलं ते ऐका, आणि तुमची ती टीप मी मोठ्याने वाचून दाखवली. ‘कारण विचारू नये’ हे तर तुमच्याच आवाजात म्हटलं, तो जाड, नाकातला आवाज, लहानपणी मी मामींना करून दाखवायचो तो. खोली हसली. साहेब सगळ्यात जास्त हसले आणि हे कोणी लिहिलंय म्हणून विचारलं. मी म्हणालो, असतील कोणी गृहस्थ, आता नाहीत इथे. मामा, मी असं म्हणालो. ‘असतील कोणी गृहस्थ.’ पुढे हेही म्हणालो की आता बोंबाबोंब बंद, चूक झाली की चौकट लाल होईल, गुपचूप.

दोन नंबरच्या खिडकीच्या बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. तुम्हाला त्यांची बसायची पद्धत माहीत आहे, मान किंचित वळवून, समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत. ऑफिसात नव्या लोकांना वाटतं बाई गर्विष्ठ आहेत. मलाही वाटायचं. मी त्यांचं नाव ‘महाराणी’ ठेवलं होतं आणि ते इतरांच्या तोंडी बसलं होतं. त्या दिवशी मला वाटलं महाराणींना विनोद कळला नाही.

सोमवारी प्रोग्राम चालू झाला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, मला सकाळचे नऊसुद्धा मिळाले नाहीत. पहिला घोटाळा असा की माझ्या टेबलावरचा पडदा केवढा आणि खिडकीवरचा केवढा, हे मी मोजलंच नव्हतं. माझ्याकडे पन्नास ओळी मावतात, खिडकीवर चोवीस. माझ्या चौकटींच्या किनारी, आतली मोकळी जागा, बाहेरची मोकळी जागा आणि भाचेसुनेने विचारलेली सावली यांनीच वीस ओळी खाल्ल्या. माणसाचं नाव, गाव आणि वजन दाटीवाटीने उरलेल्या चारांत. आणि ते हिरवं, गोल कोपऱ्यांचं जतन करायचं बटण पडद्याच्या खाली, कोणालाही न दिसता, जणू तळघरात. खोक्याचं आणि ट्रकचं चित्र त्या जुन्या यंत्रांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळे प्रत्येक पार्सलपुढे दोन प्रश्नचिन्हं. गाड्या भरणारे लोक छापील यादी घेऊन मुकादमाकडे आले की हे पार्सल न्यायचं की नाही, ऑफिसलाच शंका दिसतेय.

दुसरा घोटाळा मालाच्या प्रकाराचा. यादीत पहिलं मी ‘नाशवंत’ ठेवलं होतं, कारण त्या शब्दाला दिलेली बर्फासारखी निळी पट्टी सगळ्यात वर छान दिसायची. कोणी काही निवडलं नाही की माल आपोआप नाशवंत. एक लोखंडी कपाट थंड गाडीतून गेलं आणि त्याने जागा अडवली म्हणून फुलांच्या सहा पेट्या ताडपत्रीखाली. कपाट घेणाऱ्या माणसाचा फोन आला की दार उघडल्यावर आतून गार हवा येते, ही सोय कंपनीची की तुमची? मुकादम म्हणाला, काही का असेना, कपाट ताजं पोचलं. फुलवाल्याचा फोन मी घेतला नाही. भाचेसून म्हणाली तो घ्यायला हवा होतास.

एक नंबर आणि तीन नंबरच्या खिडकीवाल्यांनी डोळे ताणून, एकमेकांना विचारून, पाच वेळा टॅब दाबला की न दिसणारं बटण सापडतं हे शोधून काढलं आणि दुपारपर्यंत लंगडत का होईना चालू लागले. दोन नंबरच्या बाई मात्र पूर्वीच्याच वेगाने काम करत होत्या. नाव, गाव, नग, मुकादमाने ओरडलेलं वजन, एफ दहा. पुढचा माणूस. संध्याकाळी बघितलं तर त्यांच्या खिडकीवरची एकवीस पार्सलं प्रोग्राममध्ये नव्हतीच. माल गोदामात, नोंद कुठेच नाही. दिवसभर त्यांनी एफ दहा दाबलं होतं आणि दर वेळी पडदा पहाटेचा समुद्र, समुद्राचा जांभूळ होत होता. जतन करायला आता बटण आहे, एवढंच मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून त्या हळू झाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीपुढे रांग शटरपर्यंत गेली. लोक चिडले, एकाने तर आरडाओरडा केला, त्या मान वळवून घड्याळाकडे बघत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी रजा टाकली.

शुक्रवारी साहेबांनी माझ्याकडे लेखी अहवाल मागितला. आता मामा, इथे मी काय लिहिलं ते तसंच उतरवतो, कारण मऊ करून सांगितलं तर पत्र लिहिण्यात अर्थ नाही. ‘प्रणालीत दोष नाही. वापरणाऱ्यांचा सराव कमी पडतो. विशेषतः खिडकी क्रमांक दोन येथे नवीन पद्धत आत्मसात करण्याची तयारी दिसत नाही.’ नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण नाचणाऱ्याला चिडवायला वापरतो. इथे अंगण मीच वाकडं केलं होतं, आणि वर नाचणाऱ्या बाईला नाचता येत नाही असं लिहून दिलं. साहेबांनी अहवालावर सही केली. येत्या एक तारखेपासून बाई खिडकीवर नसतील, तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत असतील. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत.

मंगळवारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “एक विचारू का? हसू नका.”

मी म्हटलं विचारा की.

“पडद्याचा रंग मधूनच बदलतो का हो? खरोखरचा? की मलाच तसं दिसतं?”

मी म्हटलं बदलतो ना, एफ दहा दाबलं की बदलतो, सात रंग आहेत. मी ते अभिमानाने म्हटलं, मामा. अजूनही अभिमानाने. त्या खुर्चीवर बसल्याच एकदम. कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “हुश्श. म्हणजे डोळे गेले नाहीत माझे.”

मग त्यांनी सांगितलं ते तुम्हाला नऊ वर्षांपासून ठाऊक आहे. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, म्हणून मान वळवून बघावं लागतं. ऑफिसात कळलं असतं तर खिडकी गेली असती, म्हणून कोणाला सांगितलं नाही, फक्त तुम्हाला. आणि तुम्ही कोणालाही न विचारता त्यांना ते आवाज घालून दिलेत, म्हणजे बोटांनी टंकायचं आणि कानांनी तपासायचं. नऊ वर्षं त्या पडद्याकडे न बघता खिडकीवरच्या माणसाशी बोलत काम करत आल्या आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण चूकच झाली नाही. आणि गेल्या सोमवारपासून आवाज बंद, पडदा कधी जांभळा, कधी करडा. (सभेत रंग दाखवताना ते एफ दहाने बदलतात हे मी बोललोच नव्हतो.) त्यांना वाटलं उरलेलंही चाललं. रजा टाकून त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले की नजर होती तेवढीच आहे. बाईंना पटेना. म्हणाल्या, “त्यांना कसं सांगू, सकाळपासून मला जांभळं दिसतंय म्हणून!” आणि त्या हसल्या, मामा. त्या हसल्या आणि मी टेबलावरच्या पेनाची उघडझाप करत बसलो.

“तुमच्या मामांनी घालून दिलं होतं ते,” त्या म्हणाल्या. मी चमकलो. माझे मामा, हे यांना कसं माहीत? “तेच सांगून गेले की जाताना. भाचा येतोय, हुशार आहे पण जरा उतावळा आहे, सांभाळून घ्या म्हणाले.” म्हणजे चार वर्षं त्यांना माहीत होतं. त्या सभेत, तिसऱ्या रांगेत बसल्या असताना, मी तुमचा आवाज काढून खोली हसवत असताना, ‘असतील कोणी गृहस्थ’ म्हणालो तेव्हा, त्यांना सगळं माहीत होतं. माझं गुपित त्यांनी चार वर्षं राखलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे शब्द मी आजवर उगाच कुठेही वापरत आलो. अर्थ मंगळवारी कळला.

तर मामा, विनंती एवढीच की तुमच्या जुन्या प्रोग्रामची एखादी प्रत तुमच्याकडे असेल तर पाठवावी. ऑफिसातली प्रत मी जुना पसारा म्हणून पुसली. तुमच्या घरी डिस्कांची एक पत्र्याची पेटी होती, पण घर बदलताना ती भंगारात गेली असावी. (ती भंगारवाल्याला कोणी उचलून दिली, हे तुम्हाला आठवत असेल. मलाही आठवतं. मी त्याला पेटी धरायला मदतही केली होती.) तरीही एखाद्या कपाटात, एखाद्या पाकिटात काही असेल तर बघावं. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपावं, जिने टाळावेत. लोभ होता तेवढा ठेवा असं म्हणायचं धाडस नाही. जेवढा उरला असेल तेवढा ठेवा.

तुमचा,
धाकटा भाचा

ता. क. बुधवारी पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं नाही, कारण खरी विनंती लिहायची राहिली आहे. प्रत तुमच्याकडे नाही, हे मला माहीतच आहे. खरी विनंती अशी की तुम्ही साहेबांना एक पत्र लिहावं. जुने अनुभवी माणूस म्हणून तुमचं वजन पडेल. त्यात एवढंच लिहा की ते आवाज म्हणजे सुरक्षेचा नियम होता, ते काढणं धोक्याचं आहे, सबब जुनी पद्धत परत आणावी आणि सगळे जिथे होते तिथे राहावेत. म्हणजे बाईंच्या डोळ्यांचाही विषय निघणार नाही आणि माझ्या अहवालाचाही. मसुदा मी करून पाठवतो. तुम्ही फक्त सही करा.

ता. क. दुसरा, गुरुवार. वरचा मजकूर सकाळी परत वाचला. म्हणजे ज्यांची मी सभेत नक्कल केली त्यांनीच आता माझ्यासाठी खोटं लिहावं, आणि त्यात बाईंच्या डोळ्यांची ढाल करून मी मागे उभं राहावं, असं ते आहे. खोडणार होतो. पण खोडलं तर मी काय मागायला निघालो होतो ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून ठेवलंय. तुम्ही साहेबांना काही लिहू नका. मीच सांगेन. उद्या सांगेन.

ता. क. तिसरा, शनिवार. काल सांगितलं नाही. काल साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा चहाच्या यंत्राकडे वळलो. आज बाईंकडे गेलो, तेही सांगायला नाही, तर तुमच्या नव्या घराचा पत्ता विचारायला. (तुमचं सामान हलवायला मीच आलो होतो, तरी घराचा नंबर मला माहीत नाही. त्यांना तोंडपाठ आहे.) त्यांनी विचारलं काय लिहिलंय मामांना. मी म्हटलं असंच, खुशाली. म्हणाल्या वाचून दाखवा. जेवणाची सुट्टी होती, हॉलमधल्या बाकावर बसून मी हे सगळं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ‘महाराणी’सुद्धा वाचलं. वगळायचं मनात होतं, जीभ अडखळली आणि त्यांनी ओळखलं काहीतरी गाळतोय म्हणून, मग वाचलं. त्या म्हणाल्या, माहीत आहे मला, पुढे वाचा. पहिल्या ताज्या कलमापाशी त्यांनी हात वर केला.

“त्यांना कशाला या वयात खोटं लिहायला लावता?” एवढंच म्हणाल्या, आणि उठून, नेहमीसारखा भिंतीवर हात फिरवत (मला इतकी वर्षं वाटायचं त्या धूळ बघतात) सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. मी मागे धावलो, पण दारातच राहिलो. त्यांनी साहेबांना सांगितलं की माझे डोळे अधू आहेत, नऊ वर्षं झाली, डॉक्टरांचे कागद आणून दाखवते. आवाज न वाढवता, माल किती नग आहे ते सांगावं तसं. नऊ वर्षं जे सांभाळलं ते त्यांना तीन वाक्यांत देऊन टाकावं लागलं, कारण मला एक वाक्य बोलवत नव्हतं. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्हाला हे माहीत होतं? मी म्हटलं, मंगळवारपासून. आणि अहवाल? मी म्हटलं, तो आधीच्या शुक्रवारचा. मग मंगळवारी मागे का नाही घेतला? मी म्हटलं, सभेत मी ज्यांची टीप वाचली ते गृहस्थ माझे सख्खे मामा आहेत. कोणी विचारलं नव्हतं, तरी बोललो. साहेब हसले नाहीत. अहवाल त्यांनी ड्रॉवरमधून काढून माझ्या हातात दिला, आणि मी फाडायला लागलो तर म्हणाले, फाडू नका, जपून ठेवा.

ठरलं असं की एक तारखेपर्यंत माझा प्रोग्राम आवाजावर चालला तर बाई आपल्या खिडकीवर, नाही चालला तर तळघर. कागद बघून, अजून एकदा विचार करून, असंही ते म्हणाले, म्हणजे हमी नाहीच. दुपारपासून आम्ही दोघं बसलो. चौकटी मी सगळ्या काढल्या, एफ दहा जिथली तिथे ठेवली. बाईंना तुमचे आवाज पाठ आहेत, नखाने टेबलावर वाजवून दाखवतात आणि मी लिहून घेतो. एक म्हणजे जतन झालं. दोन म्हणजे काही रिकामं राहिलं. तीन म्हणजे गाव सापडेना. एक, थांबून एक, म्हणजे वजन आणि नग जुळत नाहीत. चार झटपट म्हणजे पावतीचा कागद संपला. पाच झाले. मी म्हटलं झालं. त्या म्हणाल्या नाही, मामांनी सहा आहेत म्हणून सांगितलं होतं. सहावा कशाचा? तर त्यांना माहीत नाही. जतन न करता माणसाला परत पाठवलं तर वाजत असेल, असा त्यांचा अंदाज आहे, पण त्यांनी तो कधी ऐकला नाही. तुम्ही त्यांना म्हणाला होतात म्हणे, की तो तुम्हाला लागायचा नाही, म्हणून सांगत नाही.

तेव्हा मामा, बाकी काही नको. तो सहावा कशाचा आणि कसा वाजतो, तेवढं उलट टपाली कळवा. त्यांच्यासाठी नाही विचारत. त्यांना तो नऊ वर्षांत एकदाही ऐकायची वेळ आली नाही. मला लागणार आहे.